खिडकीबाहेर भिंत असलेल्या घरातला पुदिना

मुंब्रा, भिवंडी, गोवंडी, नागपूरचा मोमिनपुरा, मालेगावच्या जुन्या गल्ल्या अशा दाट वस्त्यांतल्या कितीतरी घरांत भर दुपारीही ट्यूब लावावी लागते. खिडकी असते, पण तिच्याबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत असते. अशा खिडकीत कुणी हौसेने पुदिन्याची किंवा सब्जाची कुंडी ठेवली, तर पंधरा दिवसांत रोप उंच, बारीक आणि फिकट होतं आणि एक दिवस मान टाकतं. घरातली बाई म्हणते, माझ्या हाताला गुणच नाही. हाताचा काही दोष नसतो. माती असते, पाणी असतं, फक्त उजेड नसतो.

यावर बाजाराने एक उपाय काढला आहे. ‘ग्रो लाइट’ या नावाने जांभळ्या रंगाचे एलईडी दिवे ऑनलाइन विकले जातात. टेबलाला चिमट्याने अडकवायचे, वाकणाऱ्या मानेचे, दोन-तीन-चार फांद्यांचे. किंमत सातशे-आठशे रुपयांपासून सुरू होते आणि मोठ्या पॅनलसाठी आठ-दहा हजारांपर्यंत जाते. आम्ही यातलं काही न घेता गेली दोन वर्षं घरीच दिवे बांधून त्यांच्याखाली पुदिना, मेथी, कोथिंबीर वाढवतो आहोत. घरी येणाऱ्या पाहुण्यांपैकी निम्मे तरी विचारतात की हे कसं केलं, खर्च किती आला, आम्हाला जमेल का. म्हणून जे केलं ते सविस्तर लिहितो आहोत. झाडाला जांभळा उजेड लागत नाही, भरपूर उजेड लागतो, आणि तो आपल्या नेहमीच्या पांढऱ्या एलईडी ट्यूबमधून सर्वांत स्वस्तात मिळतो, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. मात्र या कामात काही भाग घरी करण्यासारखा आहे आणि काही भागाला हात लावायचा नाही. तो फरक नीट समजून घेतल्याशिवाय कुणीही पकड-पेचकस हातात घेऊ नये.

डोळ्याला दिसणारा उजेड, पानाला मिळणारा उजेड

उजेडाच्या बाबतीत आपला डोळा फार फसवतो. अंधारात तो स्वतःला जुळवून घेतो, उन्हात बाहुली बारीक करतो, त्यामुळे खोली आणि गच्ची यांच्यातला खरा फरक आपल्याला जाणवतच नाही. तो मोजायचा असेल तर अँड्रॉइड फोनवर ‘लक्स मीटर’ नावाची मोफत ॲप मिळतात. फोनच्या वरच्या टोकाला, पुढच्या कॅमेऱ्याजवळ उजेड ओळखणारा सेन्सर असतो, त्यावर ही ॲप चालतात. आकडा अगदी तंतोतंत नसतो, पण तुलना करायला पुरेसा आहे.

आम्ही मोजलं तेव्हा गच्चीवर मे महिन्याच्या दुपारी आकडा एक लाख लक्सच्या आसपास गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीत, भर बारा वाजता, साडेतीनशे. ओट्यावर ट्यूब लावून दोनशे. म्हणजे ज्या उजेडात आपण तांदळातले खडे निवडतो, तो उजेड गच्चीवरच्या उन्हाच्या जेमतेम पाचशेव्या हिश्श्याएवढा आहे. खिडकीतलं रोप दिवसभर उपाशी असतं आणि आपण त्याला वरून पाणी घालत राहतो.

पालेभाजीला गच्चीवरचं सगळं ऊन लागत नाही. सात ते दहा हजार लक्स, रोज बारा-चौदा तास, एवढ्यावर पुदिना, मेथी, कोथिंबीर बऱ्यापैकी वाढते. हा आकडा लक्षात ठेवला की बाकीचा सगळा प्रश्न सोपा होतो, कारण मग दिवा कुठल्या नावाने विकला जातो याला महत्त्व उरत नाही. त्याच्याखाली फोन ठेवून आकडा पाहिला की झालं. (ही मोजणी पांढऱ्या दिव्यांसाठी. जांभळ्या दिव्याखाली लक्सचा आकडा उगाच कमी येतो, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलं आहे आणि आपला डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला सर्वांत जास्त जागतो.)

जांभळा रंग आला कुठून

पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातही असतं. हिरव्यातला काही भाग परत फेकला जातो, म्हणून पान हिरवं दिसतं. यावरून सोपा निष्कर्ष निघाला की हिरवा प्रकाश फुकट जातो, तेव्हा तो द्यायचाच कशाला? अमेरिकेत १९९० च्या दशकात नासाच्या पैशातून विस्कॉन्सिन विद्यापीठात अंतराळयानात रोपं वाढवण्याचे प्रयोग झाले, त्यात लाल आणि निळ्या एलईडी वापरल्या गेल्या. यानात प्रत्येक वॅट मोजूनमापून वापरावा लागतो, आणि त्या काळात चांगल्या पांढऱ्या एलईडी जवळजवळ नव्हत्याच. झगझगीत निळी एलईडीच मुळी १९९३ मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी बाजारात आणण्याजोगी करून दाखवली. लाल आणि निळा मिळून जांभळा, आणि तेव्हापासून जांभळा म्हणजे ‘शास्त्रीय’ अशी समजूत पक्की झाली.

पण शास्त्र तिथे थांबलं नव्हतं. किंबहुना उत्तर आधीच मिळालेलं होतं. टेक्सासमध्ये के. जे. मॅक्री या संशोधकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला २२ प्रकारच्या पिकांची पानं घेऊन त्यांच्यावर एकेका रंगाचा प्रकाश सोडला आणि प्रत्येक रंगात पान किती काम करतं ते मोजलं. निळ्यापासून लालपर्यंत, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचे सगळे रंग पान वापरतं असं त्यात दिसलं. लाल सर्वांत फायद्याचा, पण हिरवाही वाया जात नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०१४ मध्ये ‘व्हेजी’ नावाची छोटी बाग बसवली गेली आणि ऑगस्ट २०१५ मध्ये अंतराळवीरांनी तिच्यातली लेट्यूसची लाल पानं खाल्ली. त्या बागेच्या दिव्यांतही लाल-निळ्याबरोबर हिरवे दिवे होते.

आज आपल्या घरात जी पांढरी एलईडी आहे ती मुळात निळीच असते. तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर दिलेला असतो. थोडा निळा प्रकाश तसाच बाहेर येतो, बाकीचा त्या थरातून हिरवा, पिवळा, लाल होऊन येतो, आणि सगळं मिळून आपल्याला पांढरं दिसतं. या निळ्या एलईडीसाठी नाकामुरा, इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पानाला जे हवं ते सगळं तिच्यात आहे. शिवाय ती कोट्यवधींच्या संख्येने बनते. आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला होता. ‘ग्रो लाइट’ला हा फायदा मिळत नाही, कारण तो थोड्या लोकांना विकला जातो आणि हौसेच्या भावाने विकला जातो.

जांभळ्या दिव्याचा आणखी एक तोटा वापरणाऱ्यालाच कळतो. त्या उजेडात पानं काळपट दिसतात. पान पिवळं पडलंय का, खाली मावा लागलाय का, काही कळत नाही. छोट्या घरात तो उजेड डोळ्यालाही नकोसा होतो. आमच्या ओळखीच्या एका घरी असा दिवा आहे. खिडकीतून बाहेर पडणारा उजेड पाहून समोरच्या खाला विचारत होत्या, “भाभी, घरात काय ब्यूटी पार्लर काढलंय का?”

डब्यावरच्या आकड्यांबद्दलही दोन शब्द. मोबाइलच्या चार्जरवर चालणाऱ्या दिव्यावर ‘४० वॅट’ छापलेलं असतं. साधा चार्जर ५ व्होल्ट आणि २ अँपिअर देतो, म्हणजे १० वॅट. त्यातून ४० येणार कुठून? मोठ्या पॅनलवर ‘१००० वॅट’ लिहितात आणि आतल्या पानावर बारीक अक्षरात प्रत्यक्ष खप १०० वॅटच्या आसपास दिलेला असतो. घ्यायचंच असेल त्याने हा दुसरा आकडा शोधावा.

पहिली पद्धत: दोन ट्यूब आणि एक मांडणी

ज्यांनी कधी विजेचं काम केलेलं नाही, त्यांनी इथपर्यंतच यावं. आम्ही आजही मुख्य फळी अशीच चालवतो.

लागतात ४ फुटी, २० वॅटच्या दोन एलईडी बॅटन ट्यूब. दुकानात ‘पट्टी’ म्हटलं की देतात. सगळं यंत्र आत बंद असतं, वर प्लास्टिकचं आवरण असतं, फक्त वायर जोडायची असते. एका चांगल्या पट्टीतून सुमारे २,००० ल्युमेन उजेड येतो आणि ती अडीचशे रुपयांच्या आसपास मिळते. खोक्यावर वॅटबरोबर ल्युमेनचा आकडा पाहून घ्यावा. वॅट म्हणजे ती किती वीज खाते, ल्युमेन म्हणजे देते काय. बीआयएसचं चिन्ह आणि त्याखाली ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल तर दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी ती घेऊ नये.

रंगाबाबत आम्ही एक पट्टी ६५०० केल्व्हिनची, म्हणजे नेहमीची पांढरीशुभ्र, आणि एक ३००० ची, पिवळसर, अशी जोडी लावतो. पांढऱ्याशुभ्र उजेडात निळा जास्त असतो, त्याने रोप बुटकं आणि दाट राहतं. पिवळसर उजेडात लाल जास्त. दोन्ही पांढऱ्याशुभ्र लावल्या तरी काही बिघडत नाही.

दोन्ही पट्ट्या फळीच्या खालच्या बाजूला एकमेकींपासून साधारण वीतभर अंतरावर, साखळीने टांगायच्या. साखळी यासाठी की रोप वाढलं की दिवा वर घेता आला पाहिजे. पानापासून दिवा १५ ते २० सेंटिमीटरवर हवा. खोलीच्या छताला लावलेल्या ट्यूबचा झाडाला उपयोग होत नाही तो याच कारणाने. ट्यूब तीच असते, पण अंतर वाढलं की उजेड खोलीभर पांगतो. पट्ट्या फारशा तापत नाहीत, त्यामुळे इतक्या जवळही पान करपत नाही.

मग तिन्ही बाजूंना पांढरं काहीतरी लावायचं. आम्ही निवडणुकीच्या जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू वापरली. उजेडाचा बराच भाग बाजूने निसटतो, तो परत आत येतो. काही जण ॲल्युमिनियमची फॉइल लावतात, ती मात्र नको. फॉइलमधून वीज वाहते आणि सुटलेला तुकडा वायरवर पडायला वेळ लागत नाही. मांडणी लाकडी असेल तर उत्तम. स्टीलची असेल तर वायरमनकडून तिला अर्थिंग करून घ्यावं.

अशा दोन पट्ट्यांखाली, २० सेंटिमीटरवर, मधोमध आमच्या फोनने सात हजारांच्या आसपास लक्स दाखवले. दोन्ही टोकांना त्याच्या निम्मे. म्हणून कुंड्या दर आठवड्याला जागा बदलून ठेवाव्या लागतात. कोथिंबिरीसाठी आम्ही नंतर तिसरी पट्टी वाढवली, मग आकडा दहा हजारांच्या घरात गेला. दोन पट्ट्या, वायर, तीन पिनांचा प्लग, साखळी आणि आपोआप बंद-चालू करणारा टायमर धरून आमचे चौदाशे रुपये गेले. त्यात टायमरचेच साडेचारशे. मांडणी घरची होती.

दुसरी पद्धत: ज्याला सोल्डरिंगची हौस आहे त्याच्यासाठी

आमचा मोठा मुलगा आयटीआयला आहे. त्याला तयार पट्ट्यांत मजा वाटेना. त्याने वरच्या अरुंद फळीसाठी १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीचा दिवा बनवला. मुंबईत हे सामान ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतं, पुण्यात बुधवार पेठेच्या तापकीर गल्लीत. पाच मीटरचं रीळ, १२ व्होल्टचा एसएमपीएस, ॲल्युमिनियमची चॅनेल आणि वायर, असं सगळं बाराशे-तेराशेत येतं.

यातलं महत्त्वाचं गणित सांगतो, कारण दुकानदार ते सांगायच्या फंदात पडत नाही. रिळावर मीटरमागे किती वॅट ते लिहिलेलं असतं. समजा ९.६ वॅट. पाच मीटरचे झाले ४८. एसएमपीएस नेमका ४८ चा घ्यायचा नाही, ६० वॅटचा घ्यायचा, म्हणजे त्याच्यावर रोज चौदा तास पूर्ण भार पडत नाही आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. पाच मीटरची सलग पट्टी एका टोकाने जोडली तर दुसऱ्या टोकाला उजेड मंद पडतो, कारण पट्टीतला तांब्याचा थर पातळ असतो. म्हणून मीटर-मीटरचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळी वायर द्यायची. बहुतेक १२ व्होल्टच्या पट्ट्यांवर दर तीन एलईडींनंतर कापण्याची खूण असते, तिथेच कापायचं. तुकडे ॲल्युमिनियमच्या चॅनेलवर घट्ट चिकटवायचे. एलईडी वरवर थंड वाटली तरी ती खाल्लेल्या विजेतला मोठा भाग उष्णतेतच घालवते, आणि ती उष्णता मागून निघून गेली नाही तर वर्षभरात उजेड निम्म्यावर येतो.

१२ व्होल्टचा शॉक लागत नाही, हे खरं. पण आग लागू शकते. ४८ वॅट १२ व्होल्टवर म्हणजे ४ अँपिअर. इतक्या प्रवाहाला बारीक वायर वापरली किंवा ओल्या जोडावर दोन टोकं भिडली तर प्लास्टिक वितळायला वेळ लागत नाही. मुलाने प्रत्येक जोडावर आकसणारी नळी चढवली आहे आणि एसएमपीएसनंतर ५ अँपिअरचा फ्यूज बसवला आहे. तो फ्यूज पाच रुपयांचा आहे.

यापुढेही जाणारे लोक आहेत. सॅमसंगच्या एलएम-३०१ जातीच्या एलईडी बसवलेले तयार बोर्ड आणायचे, त्यांना जुळणारा ड्रायव्हर घ्यायचा आणि व्यावसायिक पॅनलच्या तोडीचा दिवा बांधायचा. वॅटमागे उजेड त्यात जास्त मिळतो. पण पुदिन्या-मेथीसाठी तेवढा खर्च आम्हाला पटला नाही. ज्याला घरात मिरची-टोमॅटोला फळं धरायची आहेत, त्याने त्या वाटेला जावं. त्यांना पालेभाजीच्या दुप्पट-तिप्पट उजेड लागतो.

ज्याला हात लावायचा नाही

आता सर्वांत महत्त्वाचं. उजेड वाढावा म्हणून एलईडी बल्बची वरची पांढरी टोपी काढून टाकायची, असा एक प्रकार मुलांमध्ये पसरला आहे. टोपी काढली की उजेड थोडा वाढतो, हे खोटं नाही. पण अनेक स्वस्त बल्बमध्ये घरातली २३० व्होल्टची वीज आणि आतली एलईडीची थाळी यांच्यामध्ये काहीही आडोसा नसतो. सगळं सर्किट त्या थाळीवरच बसवलेलं असतं. टोपी हाच काय तो पडदा. ती काढली की समोर दिसणारा प्रत्येक पिवळा ठिपका म्हणजे उघडी वायर. आमच्या इमारतीत नववीतल्या एका मुलाने असे चार बल्ब लावून मिरचीच्या रोपांना उजेड दिला होता. पाणी घालताना ओला हात लागला. बोटं भाजली आणि तो मागे फेकला गेला. खाली गादी होती, म्हणून डोकं वाचलं. अल्लाहची मेहरबानी, दुसरं काय म्हणणार. तो मुलगा हुशार आहे, त्याला विज्ञानाची गोडी आहे. बल्बच्या आत काय असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, एवढंच.

असाच दुसरा पदार्थ म्हणजे ‘ड्रायव्हरची गरज नाही’ म्हणून विकली जाणारी, थेट २२० व्होल्टवर चालणारी चौकोनी एलईडी. शंभर-दीडशेला ५० वॅट म्हटल्यावर मोह होतो. तिचा पुढचा भाग उघडा आणि विजेने भारलेला असतो. झाडांजवळ पाणी असतंच, आणि लहान मुलं कुंडीत बोट घालणारच. ही वस्तू घरात आणू नये, असं आम्ही स्पष्टच सांगतो.

नियम साधा आहे. २३० व्होल्टची बाजू विकत घ्यायची, बंद डब्यातली आणि नोंदणी क्रमांकाची. आपलं कौशल्य १२ व्होल्टच्या बाजूला, मांडणीत, साखळीत, फ्लेक्समध्ये दाखवायचं. एसएमपीएस कुंड्यांच्या खाली कधीच नको, वर किंवा बाजूला. प्लगकडे जाणारी वायर आधी खाली झोळ घेऊन मग वर जावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, प्लगपर्यंत जात नाही. पाणी घालताना बटण बंद. आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बागेचा विचार बाजूला ठेवून आधी तो बसवून घ्यावा. बागेसाठी नाही, घरासाठीच.

किती तास, किती बिल

परदेशी पुस्तकांत सोळा-अठरा तास उजेड द्या असं लिहिलेलं असतं. ती पुस्तकं थंड देशांतली आहेत. लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. आपल्या कोकणातली अनेक कुटुंबं इंग्लंडात आहेत, त्यांच्याकडे कढीपत्त्याची कुंडी हिवाळाभर घरात असते आणि तिला असा दिवा लागतोच. आपल्याकडे अडचण दिवस लहान असण्याची नाही, ऊन घरात न येण्याची आहे. आम्ही सुरुवातीला फजरला उठल्यावर दिवा लावायचो आणि इशाच्या सुमारास बंद करायचो. हिवाळ्यात त्याने साडेतेरा-चौदा तास भरतात, पुदिन्याला ते छान मानवलं. उन्हाळ्यात मात्र हेच अंतर सोळा तासांवर जातं. पालक आणि कोथिंबीर लांब दिवसाला फुलावर येतात. पान बारीक होतं, दांडा वर निघतो आणि चव जाते. म्हणून टायमर घेतला. कोथिंबिरीची फळी बारा तास, पुदिना चौदा तास. एकाच खोलीत सगळे झोपत असतील, कुणी रात्रपाळी करून दिवसा झोपत असेल किंवा घरात तान्हं बाळ असेल, तर फळीला जाड पडदा हवाच. माणसांची झोप आधी.

बिलाचं गणित असं. ४० वॅट रोज चौदा तास म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षा थोडं जास्त, महिन्याला १७ युनिट. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये धरले तर १७० रुपये. आपला खरा दर काढायचा तर बिलाच्या एकूण रकमेला युनिटने भागावं. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर पुढचा टप्पा लागतो. ज्यांचा खप ९०-९५ वर असतो, त्यांची ही १७ युनिटं १०० ची रेघ ओलांडतात आणि रेघेपलीकडच्या प्रत्येक युनिटला जास्त दर पडतो. सुरू करण्याआधी जुनी दोन-तीन बिलं काढून पाहावीत.

हे परवडतं का? खरं सांगायचं तर कोथिंबीर परवडत नाही. बाजारात जुडी वीस रुपयांना मिळते त्या दिवसांत दिव्याखालची जुडी त्याहून महाग पडते. पाच हजारांचं पॅनल आणून कोथिंबीर लावणाऱ्याचे पैसे कधीच वसूल होणार नाहीत, आणि चौदाशेच्या मांडणीचेही सावकाशच होतात. पुदिन्याचं गणित वेगळं आहे, कारण आपल्याला तो थोडा-थोडा आणि रोज लागतो. जुडी आणली की चार काड्या चटणीत जातात आणि बाकीची फ्रीजमध्ये काळी पडते. घरचा पुदिना हवा तेवढाच खुडला जातो. मेथीचं त्याहून बरं. मुंबईत ‘समुद्र मेथी’ म्हणून वाळूत वाढवलेल्या कोवळ्या मेथीच्या इवल्या जुड्या मिळतात, तशी मेथी ट्रेमध्ये दाणे दाट पेरून आठ-दहा दिवसांत तयार होते. तिला उजेड कमी लागतो, दाणे घरातच असतात, आणि एका ट्रेमध्ये एका वेळची भाजी निघते. हिरव्या लसणाची पातही अशीच बिनतक्रार येते. गवती चहा मात्र आमच्याकडे दोनदा मेला. त्याला खरं ऊनच लागतं.

ज्यांचं कोकणात गावी परसदार आहे किंवा घराला गॅलरी आहे, त्यांनी हीच मांडणी पावसाळ्याच्या तोंडाशी वापरून पाहावी. जूनमध्ये ढग भरून आले की मिरची-वांग्याची रोपं उजेड शोधत लांबतात आणि लावणीच्या वेळी आडवी होतात. दिव्याखाली चार-पाच आठवडे वाढलेली रोपं बुटकी आणि जाड बुंध्याची निघतात. ट्रेखाली साचलेलं पाणी मात्र रोज ओतून टाकावं. डेंग्यूच्या डासाला तेवढंही पुरतं.

पुदिना लावायला रोप विकत आणायची गरज नाही. बाजारच्या जुडीतल्या सहा-सात जाड काड्या निवडाव्यात, खालची पानं काढावीत आणि पेल्यात दोन बोटं पाणी घेऊन त्यात उभ्या कराव्यात. पाणी एक दिवसाआड बदलावं. आठवड्या-दहा दिवसांत पांढरी मुळं सुटतात. मग मातीत, दिव्याखाली. पहिले तीन आठवडे खुडू नये, नंतर वरचे शेंडे खुडावेत, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. आम्ही रमजानच्या सहा-सात आठवडे आधी काड्या पाण्यात ठेवतो. चाँद दिसतो तोवर कुंड्या भरलेल्या असतात, आणि इफ्तारच्या सरबताला लागणारी पानं अस्रनंतर ताजी खुडता येतात.